मेरुरज्जूची दोन पंचांगे : प्रस्तावना

माणसाचा गर्भ फलनापासून जन्मापर्यंत सुमारे २६६ दिवस आईच्या पोटात असतो. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदराचा, म्हणजे माउसचा, गर्भ जेमतेम १९ दिवस. भागाकार केला तर उत्तर १४ येते. उंदराचा एक दिवस म्हणजे माणसाचे दोन आठवडे, असा सोपा हिशेब मनात धरून जो विद्यार्थी गर्भशास्त्र शिकायला बसतो, तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू घडतात ती चेतानलिका, वैद्यकीय वर्गातली न्यूरल ट्यूब, माउसमध्ये दहाव्या दिवसाच्या सुमारास पूर्ण मिटते. दहाला चौदाने गुणले तर माणसात ती पाचव्या महिन्यात मिटायला हवी. प्रत्यक्षात ती २८व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. उंदराचे निम्मे गर्भारपण सरते तेव्हा पुरे होणारे काम माणसात गर्भारपणाचा दहावा हिस्सा उलटेपर्यंत आटोपलेले असते.

या विसंगतीतून हे पुस्तक जन्माला आले. माणूस आणि उंदीर यांचा मेरुरज्जू एकाच क्रमाने घडतो, पण दोघांची पंचांगे वेगळी आहेत. जन्म ही त्या पंचांगातली एक तिथी आहे आणि ती दोघांमध्ये एकाच जागी पडत नाही. तुलना करायची तर दिवसाशी दिवसाची नव्हे, घटनेशी घटनेची करायला हवी. एवढेच मला सांगायचे आहे. ते सांगायला एवढी पाने का लागली, याचा खुलासा या प्रस्तावनेत करतो.

आधी दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. मेंदूच्या पृष्ठभागापासून निघून मेरुरज्जूत उतरणारे लांब तंतू आपल्या इच्छेनुसार होणाऱ्या हालचालींचे हुकूम वाहतात. हा कॉर्टिकोस्पायनल मार्ग. रॅटमध्ये, म्हणजे अंगाने मोठ्या प्रयोगशाळेतल्या उंदरात, पिल्लू जन्मते तेव्हा हे तंतू नुकते मानेच्या भागात पोचलेले असतात. कमरेपर्यंत ते जन्मानंतरच्या पहिल्या दहाएक दिवसांत उतरतात. माणसात मानेच्या खालच्या भागापर्यंतचा हा प्रवास शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या २४व्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पोटातच, झालेला असतो. नवजात रॅट आणि नवजात बाळ या दोघांना ‘नवजात’ म्हणत असलो, तरी या एका मार्गापुरते रॅटचे पिल्लू सहाव्या महिन्यातल्या मानवी गर्भाच्या शेजारी बसते. मायलिनचे, म्हणजे तंतूंवर चढणाऱ्या स्निग्ध आवरणाचेही तसेच. माणसाच्या मेरुरज्जूत ते गर्भारपणाच्या मध्यापर्यंत चढू लागलेले असते, रॅटमध्ये जन्माच्या आसपास त्याची नुकती सुरुवात होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांविषयीचे संशोधन पुष्कळदा पहिल्या आठवड्यातल्या उंदराच्या पिल्लांवर का होते, हे यावरून कळेल. ‘जन्मपूर्व’ हा शब्द दोन्हीकडे सारखा वापरला की अर्धे गैरसमज तिथेच सुरू होतात.

दिवस मोजण्यातच आणखी एक गोंधळ आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भशास्त्रज्ञ फलनापासून. दोघांच्या आकड्यांत दोन आठवड्यांचा फरक पडतो. चेतानलिका मिटते तो २८वा दिवस दवाखान्याच्या भाषेत सहावा आठवडा. उंदरांच्या बाबतीत समागमाची खूण दिसली तो दिवस काही प्रयोगशाळा शून्य धरतात, काही अर्धा, काही एक. माणसात एका दिवसाने फारसे बिघडत नाही. ज्या रॅटमध्ये संपूर्ण गर्भारपणच २२ दिवसांचे असते, तिथे एक दिवस इकडेतिकडे झाला की पेशींची एक अख्खी पिढी चुकीच्या रकान्यात जाते.

आता या शास्त्राच्या वाटचालीकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाइपझिगच्या विल्हेल्म हिस यांनी मानवी गर्भांचे पातळ छेद घेऊन त्यांची चित्रे काढली. चेतातंतू एकेका पेशीतून बाहेर वाढत जातो, हे त्यांचे म्हणणे. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९०मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या मेरुरज्जूत त्या वाढत्या टोकाचे वर्णन केले आणि १९०७मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या ऊतीतून जिवंत तंतू काचेवर वाढताना पाहिला. या पिढीने मेरुरज्जूची भाषा घडवली. मात्र प्रयोगांसाठी बेडूक आणि कोंबडी हीच तिची मुख्य साधने होती. उंदीर पोटात गर्भ वाढवतो, त्यामुळे त्याच्या गर्भापर्यंत पोचणे अवघड होते. आपल्याकडेही पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आणलेली विद्या कोंबडीच्या गर्भावरच रुजवली, आणि त्यातून महाराष्ट्रात गर्भशास्त्राची एक परंपरा उभी राहिली.

मानवी बाजूला संग्राहकांची परंपरा आली. फ्रँकलिन मॉल यांनी बाल्टिमोरमध्ये उभारलेला कार्नेगी संग्रह, पुढे क्योटोचा संग्रह. मॉल यांच्यानंतर जॉर्ज स्ट्रीटर आणि मग रोनान ओ’राहिली व फाबिओला म्युलर यांनी पहिल्या आठ आठवड्यांचे २३ टप्पे पाडले. उंदरासाठी कार्ल थायलर यांनी १९७२मध्ये असेच टप्पे प्रसिद्ध केले. टप्पा दिवसांवरून नव्हे, रूपावरून ठरतो. आजची सगळी तुलना या एका शहाणपणावर उभी आहे. एक गोष्ट इथे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुन्या संग्रहांतले गर्भ कुणा ना कुणा स्त्रीच्या गर्भपातातून किंवा शस्त्रक्रियेतून आले आणि त्यातल्या अनेकींना कुणी विचारलेही नव्हते. त्या काचपट्ट्यांवर उभे असलेले ज्ञान वापरताना एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

या दोन परंपरा एकत्र आणल्या त्या जोसेफ ऑल्टमन आणि शर्ली बायर या दांपत्याने. त्यांची पद्धत सांगतो, कारण पुस्तकातला मोठा भाग तिच्यावर आधारलेला आहे. गाभण रॅटला ठरावीक दिवशी किरणोत्सारी खूण असलेले थायमिडिन टोचायचे. त्या दिवशी जी पेशी विभागणीसाठी आपला डीएनए दुप्पट करत असेल, तिच्या केंद्रकात ती खूण जाते. त्यानंतर पेशी पुन्हा विभागली नाही, तर खूण तिथेच टिकते. पिल्लू मोठे झाल्यावर मेरुरज्जूचे छेद घेतले की प्रत्येक खूण असलेली चेतापेशी आपली जन्मतिथी सांगते. त्यातून क्रम उलगडला : स्नायूंना हुकूम देणाऱ्या पोटाकडच्या मोठ्या पेशी आधी, वेदना-स्पर्शाचे संदेश घेणाऱ्या पाठीकडच्या लहान पेशी सर्वांत शेवटी, आणि मानेचा भाग शेपटीकडच्या भागाच्या पुढे. माणसावर असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. म्हणून त्यांनी मानवी गर्भांचे जुने छेद या रॅटच्या क्रमाशेजारी ठेवून वाचले. १९८४मध्ये रॅटच्या मेरुरज्जूवरचे त्यांचे पुस्तक आले आणि २००१मध्ये माणसाच्या मेरुरज्जूवरचे. दुसऱ्याच्या उपशीर्षकातच त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की हा प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे लावलेला अर्थ आहे. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी तो अर्थ उचलला आणि आधार मात्र सांगायचे सोडले. माणसाच्या चेतापेशींच्या जन्मतिथी म्हणून आज जे आकडे शिकवले जातात, त्यांपैकी कितीतरी उंदराकडून उसने घेतलेले आहेत. ही गोष्ट विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे.

१९९०च्या दशकात जनुकांची परंपरा पुढे आली. फळमाशीत सापडलेल्या हेजहॉग जनुकाचा भाऊबंद म्हणजे सॉनिक हेजहॉग. त्याचे प्रथिन चेतानलिकेखालच्या पृष्ठरज्जूतून, म्हणजे नोटोकॉर्डमधून, पाझरते आणि त्याच्या प्रमाणावरून चेतानलिकेतली पेशी आपण काय व्हायचे ते ठरवते. न्यू यॉर्कच्या टॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेने ही लिपी अक्षर-अक्षर लावली. हवे ते जनुक बंद केलेले उंदीर घडवता येऊ लागले. चेतानलिका न मिटण्याशी संबंधित दोनशेहून अधिक जनुके माउसमध्ये माहीत आहेत. माणसातली यादी तेवढी सुस्पष्ट नाही. माणसात बहुतेक वेळा एकच जनुक दोषी नसते. अनेक लहान कमतरता आणि आईचा आहार मिळून तो दोष घडतो.

इथे औषधाचे एक उदाहरण सविस्तर सांगायलाच हवे. व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्यावरचे औषध आपल्या देशात सर्रास दिले जाते. १९८२मध्ये फ्रान्समधल्या ल्याँ शहरातून एलिझाबेथ रोबेर यांनी इशारा दिला, की ते घेणाऱ्या मातांच्या बाळांत स्पायना बायफिडा जास्त आढळतो. म्हणजे मेरुरज्जूचा कमरेकडचा भाग उघडा राहतो. अशा मातांच्या शंभरातल्या एक-दोन बाळांना हा धोका असतो. तेच औषध गाभण माउसला दिले तर पिल्लांत प्रामुख्याने डोक्याकडचा भाग उघडा राहतो. औषध तेच, नलिकाही तीच, दोष मात्र विरुद्ध टोकाला. नलिकेच्या कडा माउसमध्ये एकाहून अधिक जागी जुळायला सुरुवात होते. त्यातली अग्रमेंदू आणि मध्यमेंदू यांच्या सीमेवरची जागा माणसात तशी आढळत नाही, असे मानवी गर्भ बारकाईने पाहणाऱ्यांचे म्हणणे आहे. उंदरावर औषध घातक ठरले की नाही एवढेच विचारणारा फसेल. ते कुठे आणि कोणत्या घटनेच्या वेळी घातक ठरले, हे विचारावे लागते. थॅलिडोमाइडच्या बाबतीत उलटे झाले होते : माणसाच्या बाळांचे हातपाय हिरावणाऱ्या त्या औषधाने उंदराच्या पिल्लांना तसे काहीच केले नव्हते.

आहाराचा धागा तर मुंबईतून निघतो. १९२८मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गरोदर स्त्रियांच्या गंभीर पंडुरोगाचा अभ्यास करू लागली. गिरणी कामगारांच्या घरातल्या स्त्रिया काय खातात, हे तिने पाहिले आणि तोच आहार रॅटना देऊन पाहिला. रॅटही आजारी पडले, पण उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गाने ते निष्कर्ष गढूळ केले, आणि तिला माकडांकडे वळावे लागले. १९३१मध्ये तिने दाखवून दिले, की यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो. त्यातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला आणि येल्लप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने तो १९४०च्या दशकात अमेरिकेत कृत्रिमरीत्या तयार केला. १९६५मध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी फॉलिक ॲसिडच्या कमतरतेचा संबंध बाळांतल्या जन्मजात दोषांशी जोडला. १९९१मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सात देशांतल्या चाचणीने ठाम उत्तर दिले : आधी चेतानलिकेचा दोष असलेले बाळ झालेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो.

हा निर्णय माणसांवरच्या चाचणीने दिला, हे महत्त्वाचे. उंदरांवर तो मिळणे कठीणच होते. उंदीर स्वतःची विष्ठा खातो, आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेले फॉलिक ॲसिड आणि बी-१२ त्याला तिथून परत मिळते. नुसते निकृष्ट अन्न देऊन त्याच्यात कमतरता आणता येत नाही. ती आणली तरी जनुकांतला दोष सोबत नसेल, तर चेतानलिका बहुधा मिटतेच. ‘कर्ली टेल’ नावाच्या माउसच्या जातीत तर फॉलिक ॲसिडचा उपयोगच होत नाही, इनोसिटॉलचा होतो. लंडनच्या निकोलस ग्रीन आणि अँड्र्यू कॉप यांनी हे १९९७मध्ये दाखवले. म्हणजे माणसातही काही बाळे फॉलिक ॲसिडने वाचत नसतील तर त्यांची वाट वेगळी असेल, ही दिशा उंदरानेच दिली. पुण्यात के. ई. एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून आसपासच्या गावांतल्या मातांचा जो अभ्यास चालवला, त्यात फॉलिक ॲसिडपेक्षा बी-१२ची कमतरता ठळकपणे पुढे आली. बी-१२ पेशीपर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला फरक आणि चेतानलिकेचे दोष यांचा संबंधही पुण्यातल्या संशोधकांनीच २०११मध्ये मांडला. शाकाहारी घरांत वाढलेल्या मराठी वाचकाने हा भाग लक्ष देऊन वाचावा, अशी माझी विनंती आहे.

हे पुस्तक छत्तीसगडातल्या भिलाईत लिहिले गेले. २ फेब्रुवारी १९५५ला पोलाद कारखान्याचा सोव्हिएत करार झाला, तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. नागपूर-भंडारा-वर्ध्याकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथल्या सेक्टरांत स्थिरावली. त्यांची नातवंडे आज दुर्ग-भिलाई-रायपूरच्या महाविद्यालयांत वैद्यक, नर्सिंग आणि फिजिओथेरपी शिकतात. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी, पुस्तकात इंग्रजी. यातली मराठीची बाजू विज्ञानापुरती रिकामी राहू नये, असे मला मनापासून वाटते.

आणि विषय इथल्या घराघरातला आहे. छत्तीसगड म्हणजे धानाचा कटोरा. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असलेले दाणे मिसळले गेले. किलोमागे फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. सिकलसेलच्या रुग्णांना इथे फॉलिक ॲसिडची गोळी रोजची ओळखीची आहे. मितानिन, म्हणजे इथली गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती, गरोदर स्त्रीपर्यंत लोह-फॉलिकच्या गोळ्या पोचवते, पण त्या रोज घ्यायच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासूनच्या. त्या पंडुरोगासाठी आवश्यकच आहेत. चेतानलिकेचे काम मात्र २८व्या दिवशी संपलेले असते, आणि तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड घ्यावे, असा सरकारी सल्लाही आहे. पण त्याची सुरुवात दिवस राहण्याच्या आधी व्हायला हवी, आणि दवाखान्यात नाव नोंदवले जाते ते त्यानंतर. भारतात दर हजार जन्मांमागे चेतानलिकेच्या दोषांचे प्रमाण चारच्या आसपास असल्याचे २०१३च्या एका आढाव्यात निघाले. लग्न ठरलेल्या मुलीला, पुढचे मूल हवे असलेल्या जोडप्याला आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुणीला हे पंचांग कुणीतरी आधी उघडून दाखवायला हवे. दोष सोनोग्राफीत दिसतो तो १८-२० आठवड्यांना. तेव्हा निर्णय उरतात, प्रतिबंध उरत नाही. अमेरिकेतल्या २०११च्या चाचणीने २६व्या आठवड्याआधी गर्भाशयात शस्त्रक्रिया केल्याचा फायदा दाखवला आहे, तिच्यामागेही मेंढी आणि रॅटच्या गर्भांवरचे प्रयोग आहेत. पण ती सोय आपल्यातल्या किती जणींच्या आवाक्यातली?

गेल्या काही वर्षांत या विषयात जे घडले त्याने सुरुवातीचे कोडे थोडे उलगडले. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेत तेरेसा रेयॉन आणि जेम्स ब्रिस्को यांनी मूळपेशींपासून माणसाच्या आणि माउसच्या मेरुरज्जूतल्या हालचालींच्या चेतापेशी घडवल्या. क्रम तोच, पण माणसाच्या पेशींना अडीचपट वेळ लागला. माणसाचे जनुक माउसच्या पेशीत ठेवले तर ते माउसच्या वेगाने चालले, म्हणजे वेग जनुकाच्या मजकुरात नव्हता. माणसाच्या पेशीत प्रथिने जास्त काळ टिकतात, यात त्याचे उत्तर असल्याचे त्यांनी २०२०मध्ये मांडले. कण्याचे खंड पाडणारे घड्याळही माउसमध्ये दोन तासांचे, माणसात पाच तासांचे, तेच अडीच. आता मूळ हिशेबाकडे पाहा : दहावा दिवस आणि अठ्ठाविसावा, गुणोत्तर २.८. सुरुवातीच्या घटनांत माणूस अडीच-तीनपट संथ आहे, चौदापट नाही. कॉर्टिकोस्पायनल तंतू मानेत पोचण्याच्या घटनेला रॅटचे २२ दिवस आणि माणसाचे फलनापासूनचे सुमारे १५४ दिवस लागतात. तिथे गुणोत्तर सातावर जाते. दोन पंचांगांतले अंतर पुढे पुढे रुंदावत जाते. बार्बरा फिनले आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये १८ सस्तन जातींतल्या २७१ घटना एका गणितात बसवल्या, त्या याच रुंदावण्याचा माग काढत. चेन्नईच्या आयआयटी मद्रासने मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ छेदांचा चित्रसंग्रह खुला केल्यापासून भारतीय विद्यार्थ्याला उसन्या आकड्यांपलीकडे पाहण्याची संधीही मिळू लागली आहे.

काही फरक वेळेचे नसून रचनेचे आहेत, आणि पुस्तकात त्यांना वेगळी जागा दिली आहे. माणसात मेरुरज्जूच्या नसांच्या ३१ जोड्या, रॅटमध्ये ३४. माणसाचा कॉर्टिकोस्पायनल मार्ग मेरुरज्जूच्या बाजूच्या पट्ट्यात, रॅटचा मुख्यतः पाठीकडच्या पट्ट्याच्या तळाशी. म्हणून उंदराच्या जखमेवरचा उपचार माणसाला तसाच लागू होत नाही. बोटांच्या नाजूक हालचालींसाठी माणसात हे तंतू थेट स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींना भिडतात, रॅटमध्ये मधले दुवे लागतात. आठव्या आठवड्यात मानवी मेरुरज्जू कण्याच्या पूर्ण लांबीइतका असतो, नंतर कणा पुढे निघून जातो आणि मोठ्या माणसात मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. पाठीतून पाणी काढताना सुई त्याच्या खाली का घालतात, हे यातून समजते.

या पुस्तकात ‘उंदराचे इतके दिवस म्हणजे माणसाचे इतके’ असा तक्ता मिळणार नाही; तो मुद्दाम टाळला आहे. प्रत्येक घटना दोन्ही पंचांगांत कुठे पडते ते दाखवले आहे, आणि माणसाचा आकडा थेट मानवी गर्भ पाहून आला आहे की रॅटवरून काढला आहे, याची खूण त्याच्याशेजारी दिली आहे. मानवी वय सर्वत्र फलनापासून मोजले आहे. दवाखान्यातला आकडा हवा असेल तर त्यात दोन आठवडे मिळवावेत. रॅट आणि माउस यांच्यासाठी समागमाची खूण दिसलेला दिवस शून्य धरला आहे. मूळ लेखकांनी वेगळी मोजणी वापरली असेल तिथे ती बदलून घेतली आहे, म्हणून मूळ ग्रंथाशी ताडून पाहणाऱ्याला एका दिवसाचा फरक दिसेल.